पाणी किती दिवस थांबलं?

परंडा तालुका, सीनेच्या काठचं एक उपकेंद्र. ऑक्टोबर २०२५ चा दुसरा आठवडा. एका आरोग्यसेवकाच्या कामाचा एक दिवस.

पहाटे ५:४५

जिल्हा हिवताप कार्यालयाचे कीटक संग्राहक काल रात्रीच मुक्कामाला आले. उजाडायच्या आत गोठे गाठायचे, कारण रात्रभर रक्त पिऊन जड झालेली डासाची मादी या वेळी भिंतीला स्वस्थ बसलेली सापडते. एका हातात विजेरी, दुसऱ्या हातात काचेची शोषनळी, तिचं रबरी टोक तोंडात. डास दिसला की हलकेच श्वास ओढायचा, तो नळीत येतो. एका माणसाला एका तासात किती डास मिळाले, हे त्यांचं माप.

बसायची ढब बघूनच निम्मी ओळख पटते. क्युलेक्स भिंतीला समांतर, पोक काढून बसतो. ॲनोफिलीस डोकं खाली आणि बूड वर करून, भिंतीशी कोन करून. त्यातही आम्ही शोधतो तो ॲनोफिलीस क्युलिसिफेसीस. लहान, मळकट, नजरेत न भरणारा. ग्रामीण भारतातल्या हिवतापाचा मोठा वाटा याच्या नावावर आहे. गंमत अशी, की त्याला माणसापेक्षा गुरांचं रक्त अधिक आवडतं. गोठा भरलेला असला की त्याचं पोट तिथंच भरतं.

"सायब, ढोरं वाहून गेली अन् डासं ऱ्हायली," दावणीकडं बघत घरधनी म्हणाले. सप्टेंबरच्या पुरात त्यांची दोन जनावरं गेली. ऐन घटस्थापनेच्या दिवसांत सीना पात्र सोडून शिवारात शिरली होती. तालुक्यात काही ठिकाणी हेलिकॉप्टरनं माणसं बाहेर काढावी लागली. नुकसानीच्या पंचनाम्यात जनावरांचा रकाना असतो. त्या रकान्याचा डासांशीही संबंध आहे, हे मात्र कुणी बोलत नाही. गोठे रिकामे झाले की गुरांवर जगणारा डास माणसाकडं वळायची शक्यता वाढते. म्हणून ज्या वस्त्यांवर जनावरं जास्त गेली, त्या वस्त्या या पंधरवड्यात माझ्या यादीत वर आहेत.

सकाळी ८:००

उपकेंद्रात आल्यावर पहिलं काम म्हणजे मोबाईलवर मंडळवार पावसाचे आकडे बघणं. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पडला की महसूलच्या भाषेत अतिवृष्टी. तलाठ्यांना तो आकडा पुरतो, मला पुरत नाही. मी वहीत वेगळा रकाना आखलाय: पाऊस उघडून किती दिवस झाले?

कारण साधं आहे. अंड्यातून अळी, अळीचा कोष आणि कोषातून डास, या प्रवासाला उबदार पाण्यात साधारण सात ते दहा दिवस लागतात. तेवढे दिवस पाणी एका जागी थांबलं, तरच डास. धो धो पाऊस अळ्या वाहून नेतो. पुराच्या ऐन आठवड्यात डास कमीच असतात, लोकही म्हणतात, "पावसानं डास धुऊन नेलं." खरा धोका पाऊस थांबल्यावर सुरू होतो. नदी पात्रात परतते आणि मागं खड्डे, डबकी, ओहोळ सोडून जाते.

उलटंही तेवढंच खरं आहे. ऑगस्ट २०२३ हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. भर पावसाळ्यात ओढ्याची धार तुटली आणि डोहांची साखळी उरली. पाऊस सरासरीच्या कितीतरी खाली होता, पण साचलेलं पाणी जागोजाग. याचं सर्वांत भीषण उदाहरण श्रीलंकेचं. १९३४ मध्ये तिथं मोसमी पाऊस हुकला. एरवी वर्षभर वाहणाऱ्या नद्यांची डबकी झाली, याच क्युलिसिफेसीसची त्यात पैदास झाली आणि १९३४-३५ च्या साथीत सुमारे ८० हजार माणसं गेली. साथ आली ती दुष्काळात, आणि आली ती देशाच्या ओल्या भागात, जिथल्या लोकांच्या अंगात हिवतापाशी झुंजायची सवय नव्हती.

म्हणून सरासरीच्या टक्केवारीवर माझा फारसा विश्वास नाही. जून ते सप्टेंबरच्या बेरजेत वर्ष चांगलं दिसतं आणि त्याच वर्षात तीन आठवड्यांचा खंड, मग दोन दिवसांत महिन्याचा पाऊस, असं सगळं झालेलं असतं. डासाला बेरीज कळत नाही. त्याला मधले दिवस लागतात.

सकाळी ९:१५

आशाताईंसोबत घरभेटी. एका हातात विजेरी, खांद्याला पिशवी, पिशवीत चमचा-डबी, अळीनाशक ॲबेटची बाटली, काचपट्ट्या, लॅन्सेट. घरात शिरल्यावर सरळ मोरी. रांजण, बॅरल, सिमेंटचा हौद, छतावरची टाकी, फ्रीजच्या मागचं भांडं, दारातली जनावरांची डोणी. झाकण उघडायचं, प्रकाश टाकायचा, क्षणभर थांबायचं. अळी असली तर उजेडानं वळवळत खाली जाते. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आडवी तरंगली तर ॲनोफिलीस. डोकं खाली करून लोंबली तर एडिस किंवा क्युलेक्स. शंभर घरांपैकी किती घरांत अळी सापडली, तो घर निर्देशांक.

पूर येऊन गेलेल्या गावात भांड्यांत पाणी साठवायची काय गरज, असं बाहेरच्याला वाटेल. पण पुरानं नळयोजनेच्या विहिरीत गाळ भरला, मोटारी बुडाल्या. नदी दारात आणि नळ कोरडा. म्हणून घरोघर बॅरल भरलेले.

एका म्हाताऱ्या अक्कांच्या हौदात अळ्या दिसल्या. मी म्हणालो, "अक्का, हौद रिकामा करून घासावा लागंल."

"अन् उद्या काय पिऊ? तुमी देताव का पाणी?"

हा प्रश्न मला नवा नाही. दुष्काळात टँकरच्या फेरीवर जगणाऱ्या गावात 'आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा' असं सांगताना जीभ अडखळते. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या २०१६ च्या उन्हाळ्यात आमच्या जिल्ह्यातही घागरीगणिक भांडणं होत होती. ज्या पाण्यासाठी माणूस रात्र जागवतो, ते तो अळी आहे म्हणून ओतून देईल कसा? तेव्हापासून मी सांगायची पद्धत बदललीय. पाणी सांडू नका. फडक्यातून गाळून दुसऱ्या भांड्यात घ्या, गाळलेलं फडकं उन्हात वाळत टाका, हौदाचा तळ आणि कडा घासा, मग पाणी परत ओता आणि वरून कापड घट्ट बांधा. ॲबेट फक्त वापराच्या पाण्यात, पिण्याच्या नाही.

कडा घासण्यावर माझा जोर असतो. डेंग्यू पसरवणारा एडिस अंडी घालतो ती पाण्याच्या कडेला, ओलसर भिंतीवर. ती महिनोन् महिने कोरडी राहून पाणी लागताच उबतात. ॲनोफिलीसची अंडी अशी कोरडी टिकत नाहीत. दुष्काळी भागात डेंग्यू घरात ठाण मांडतो तो यामुळं. आणि स्टीफेन्साय नावाचा ॲनोफिलीस तर स्वच्छ साठवलेल्या पाण्याचाच रहिवासी. शहरातल्या टाक्या आणि विहिरी हे त्याचं घर. गावांनी शहरासारखं पाणी साठवायला सुरुवात केली की त्यालाही इथं जागा होते. थोडक्यात, पूर डासाला शिवारात जागा देतो, दुष्काळ घरात.

अक्कांच्या हौदाला आशाताईंनी जुनं लुगडं बांधून दिलं. अक्का म्हणाल्या, "असं आधी सांगावं की."

सकाळी ११:३०

नदीकाठ. पाणी ओसरून पंधरवडा होत आला. पात्राच्या कडेला बैलगाडीच्या चाकोऱ्या, वाळू उपशाचे खड्डे, पुलाखालचा डोह, बंधाऱ्याच्या खालचं थांबलेलं पाणी. शेतांत काळ्या मातीत अजून पाय रुततो. सोयाबीन काळं पडून उभं आहे आणि सऱ्यांत पाणी. या मातीत पाणी मुरायला वेळ लागतो. पिकाला एरवी तो गुण, आज मला तो दोष.

डावानं पाणी उचलून पांढऱ्या ताटलीत ओततो. एका डबक्यात दहा डावांत मूठभर अळ्या, शेजारच्यात एकही नाही. दुसऱ्यात बारके मासे होते. गप्पी मासे मी पावसाळ्याच्या सुरुवातीला जुन्या आडात आणि ओढ्यात सोडले होते. आडातले टिकले, ओढ्यातले पुराबरोबर गेले. आता पुन्हा पैदास हौदातून बादल्या भराव्या लागतील. गप्पी अंडी घालत नाही, थेट पिलं देतो, म्हणून संख्या लवकर वाढते. तरीही मासे सगळीकडं उपयोगी नाहीत. चार दिवसांत आटणाऱ्या चाकोरीत मासा सोडून काय करायचं? तिथं फावडंच. चर काढला, पाणी नदीला लावलं, काम संपलं.

डबक्यांची यादी करताना मी त्यांना खुणेनं नावं देतो: पुलाखालचं, वडाखालचं, मळईतलं. प्रत्येकापुढं पाणी केव्हापासून थांबलंय ती तारीख. आठवा दिवस उलटायच्या आत तिथं फावडं, मासा किंवा औषध यांपैकी एक पोहोचलं पाहिजे. आज यादीतल्या तीन ठिकाणी तो दिवस उलटून गेलेला आहे. तिथल्या डासांनी कालपरवाच उड्डाण केलं असणार. पहाटे गोठ्यात सापडले ते त्यांतलेच.

दुपारी १:००

जेवताना कीटक संग्राहकांशी गणित मांडत बसलो. डास झाला म्हणजे हिवताप झाला असं नसतं. रुग्णाला चावल्यावर परजीवी डासाच्या पोटातून लाळग्रंथीपर्यंत पोहोचायला हवा, आणि तोवर ती मादी जिवंत राहायला हवी. डासाच्या पोटातला हा मुक्काम पहिल्यांदा दिसला तो फार दूर नाही, सिकंदराबादला, २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना. तेव्हा आमचा जिल्हाही त्याच निजामाच्या राज्यात होता.

या प्रवासाचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो. व्हायवॅक्स परजीवीची वाढ साधारण साडेचौदा अंशांच्या खाली थांबते, फाल्सिपेरमची सोळाच्या खाली. त्यावर जितकी ऊब, तितकी घाई. सरासरी २० अंश असेल तर व्हायवॅक्सला सुमारे १९ दिवस लागतात, फाल्सिपेरमला २८. २५ अंशांना व्हायवॅक्स १०, फाल्सिपेरम १२-१३ दिवस. ३० अंशांना दोघंही सात-आठ दिवसांत तयार.

आता डासाचं आयुष्य. रोज शंभरातल्या नव्वद माद्या जगतात असं धरलं, तर दहा दिवसांनी ३५ उरतात, एकोणीस दिवसांनी १३-१४. हवा कोरडी होऊन रोज ऐंशीच जगू लागल्या, तर दहा दिवसांनी अकराही उरत नाहीत. म्हणजे ऊब परजीवीला पळवते आणि दमट हवा डासाला जगवते. दोन्ही एकत्र आले तरच आमची झोप उडते. मे महिन्यात पारा चाळिशी गाठतो, पण हवा इतकी कोरडी की डास टिकत नाही. डिसेंबरात डास टिकतो, पण परजीवी सावकाश. ऑक्टोबरात मात्र दिवसरात्रीची सरासरी पंचविशीच्या आसपास, जमिनीत ओल, हवेत दमटपणा. पावसाळा लांबला आणि थंडी उशिरा आली की हा काळ दोन-तीन आठवड्यांनी वाढतो. एवढ्यात परजीवीची एक जादा फेरी पूर्ण होऊ शकते.

दुपारी २:१५

वस्तीवरून निरोप: एका तरुणाला थंडी वाजून ताप. मोटारसायकल चिखलातून जाईना, शेवटचं अंतर चालत.

विचारपूस आधी, सुई नंतर. ताप केव्हापासून? रोज येतो की दिवसाआड? हुडहुडी भरते का, घाम येऊन उतरतो का? आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: "मागच्या महिन्यात कुठं होतास?"

"मुंबईला, बांधकामावर. पुराचं कळलं तवा आलो."

या एका उत्तरानं काम बदलतं. राज्यातला हिवताप आज मुख्यतः गडचिरोली आणि मुंबईत आहे. आमच्याकडं रुग्ण क्वचित. पण डास आहेत, पाणी आहे, ऑक्टोबरची ऊब आहे. उणीव फक्त परजीवीची. तो एस.टी.नं येऊ शकतो. मुंबईत बांधकामाच्या जागी साचलेलं पाणी स्टीफेन्सायला मानवतं, आणि आमच्या तालुक्यातली पोरं तिथंच राबतात.

अनामिकेवर लॅन्सेट टोचून एकाच काचपट्टीवर दोन लेप: एक जाड, एक पातळ. जाड लेपात परजीवी लवकर सापडतो, पातळात जात ओळखता येते. हिवताप तपासणीच्या किटवरही एक थेंब टाकला. पंधरा मिनिटांनी फक्त नियंत्रण रेषा उमटली. किट निगेटिव्ह आलं तरी काचपट्टी प्रयोगशाळेत जाणारच. रक्तात परजीवी थोडे असले तर किटला चकवा बसतो.

त्याची आई दारात उभी होती. "रगत किती येळा काढता? मागं बी काढलं हुतं."

"मावशी, ताप दर वेळी नवा असतो. थेंबभर रक्तानं गाव वाचतं."

दुपारी ३:३०

गावाबाहेर ऊसतोडीच्या टोळ्यांची जुळवाजुळव चाललीय. दिवाळीनंतर कारखाने पेटतील. मुकादमांनी उचल वाटलीय. ट्रॅक्टर पश्चिम महाराष्ट्रात जातील, काही कर्नाटकात. उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतील. यंदा सोयाबीन पाण्यात गेलं, त्यामुळं एरवी घरी राहणारी माणसंही जायला निघालीत.

हवामान आणि हिवताप म्हटलं की सगळे डासाकडं बघतात. मी या टोळ्यांकडंही बघतो. पावसानं दगा दिला की माणूस गाव सोडतो, अतिवृष्टीनं पीक नेलं तरी सोडतो. उसाच्या फडाकडेला, कालव्याच्या शेजारी, उघड्या कोपीत झोपतो. मच्छरदाणी असली तरी कोपीत ती बांधायला नीट आधार नसतो. आजारी पडला तर मजुरी बुडते, म्हणून ताप अंगावर काढतो. गोळ्या मिळाल्या तरी ताप उतरला की सोडून देतो. व्हायवॅक्सचं दुखणं हेच: तो यकृतात दडून बसतो आणि काही महिन्यांनी पुन्हा डोकं काढतो. त्याला तिथून काढायला क्लोरोक्विनबरोबर प्रायमाक्विन सलग चौदा दिवस घ्यावं लागतं. तीन दिवसांत बरं वाटलेल्या माणसाला उरलेले अकरा दिवस गोळी खायला लावणं, हे माझ्या नोकरीतलं सर्वांत चिकाटीचं काम.

मुकादमांकडून टोळीतल्या माणसांची यादी आणि प्रत्येकी एक मोबाईल नंबर घेतला. तिघांना आधी ताप येऊन गेला होता. त्यांचे रक्तनमुने जागेवरच घेतले. "परत आल्यावर ताप असो-नसो, आधी उपकेंद्रात फेरी," असं मुकादमांकडून कबूल करून घेतलं. ते म्हणाले, "मग आमचा बी बीपी बघा." बघितला. जास्त होता.

सायंकाळी ५:००

प्राथमिक आरोग्य केंद्राची प्रयोगशाळा. काचपट्ट्या जे.एस.बी. रंगात बुडवून धुतल्या जातात. हा रंग जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी या भारतीय संशोधकांच्या नावाचा. तंत्रज्ञ ताई तेल टाकून भिंग लावतात आणि एका पट्टीची किमान शंभर क्षेत्रं बघतात. व्हायवॅक्सनं धरलेली तांबडी पेशी फुगते. फाल्सिपेरमची एक अवस्था चंद्रकोरीसारखी दिसते. दिवसभर रिकाम्या पट्ट्या बघून डोळा सैल पडू नये म्हणून ताई जुन्या पॉझिटिव्ह पट्ट्या अधूनमधून काढून बघतात.

रुग्ण मिळत नाहीत तर एवढी खटपट कशाला, असं वरचेवर विचारलं जातं. इतिहासानं त्याचं उत्तर एकदा दिलंय. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू असा अंदाज होता. १९५३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, १९६५ पर्यंत रुग्ण लाखभरावर आले, आणि हात सैल पडल्यावर १९७६ मध्ये आकडा पुन्हा ६४ लाखांवर गेला. आता २०१५ च्या ११.६९ लाखांवरून २०२३ मध्ये तो २.२७ लाखांवर आलाय. २०२७ पर्यंत स्थानिक रुग्ण शून्य आणि २०३० पर्यंत निर्मूलन, असं देशाचं उद्दिष्ट आहे. म्हणजे आपण पुन्हा एकदा १९६५ च्या वळणावर आहोत. या वेळी पाऊसही जास्त लहरी आहे.

दुपारच्या पोराची पट्टी निगेटिव्ह. मुकादमांच्या तिघांचीही. पण पोराचा ताप खरा आहे. डेंग्यूच्या तपासणीसाठी रक्त उद्या पुढं पाठवायचं.

सायंकाळी ६:३०

ग्रामपंचायतीत बैठक. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, दोन सदस्य, पाच-सहा तरुण. मागणी एकच: धूर मारा.

"धूर मारला की लोकांना दिसतं काम झालं," एक सदस्य मोकळेपणानं म्हणाले.

मी वही उघडली. धुरानं उडता डास मरतो, तोही धूर अंगाला लागला तर. आज मारलेल्या धुराचा उद्या उपयोग नाही, कारण पुलाखालच्या डबक्यातून उद्या नवे डास निघणार. साथ लागलीच तर धूर मारूच. आत्ता मला फवारणीचं डिझेल नको, जेसीबीचं हवं. अर्धा दिवस. चार ठिकाणी चर, बंधाऱ्याखालचा खड्डा नदीला मोकळा, आणि नळयोजनेच्या विहिरीतला गाळ आधी काढा, म्हणजे लोक बॅरल भरून ठेवायचे थांबतील.

"विहिरीचा डासांशी काय संबंध?" सरपंचांनी विचारलं.

"नळ रोज आला तर हौद कुणी आठ-आठ दिवस भरून ठेवणार नाही."

थोडा वेळ हिशेब झाला. जेसीबी गावातल्याच एकाचा. डिझेल ग्रामपंचायतीनं द्यायचं ठरलं. गुरुवारी सकाळी सात. धुराचं मशीन गावात फिरणार नाही म्हटल्यावर एक तरुण नाराज झाला. त्यालाच मी डबक्यांची यादी दिली आणि दर रविवारी प्रत्येकापुढं पाणी 'आहे' की 'आटलं' एवढंच लिहायला सांगितलं. त्यानं यादी वाचली, पहिल्या पानावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "डॉक्टर, तुमचं एक ऱ्हायलं. आमच्या शाळंच्या मागची खाण."

रात्री ८:४५

दिवसाचा अहवाल मोबाईलवर भरला: घरं, भांडी, अळ्या, रक्तनमुने, परगावहून आलेले. अर्जात पावसाचा रकाना आहे, पाणी थांबल्याच्या दिवसांचा नाही. तो मी माझ्या वहीतच भरतो. शाळेमागची खाण यादीत बत्तिसावी. पाणी थांबल्याची तारीख त्या पोराच्या सांगण्यावरून लिहिली. बरोबर असेल तर तिचा आठवा दिवस परवा, बुधवारी. जेसीबीची वाट बघून चालणार नाही. उद्या सकाळी आडातले गप्पी दोन बादल्यांत भरून आधी तिकडं.